शाळेच्या बागेतील शेवंती

ग्रामीण प्राथमिक शाळांच्या बागांत जी फुलझाडे सामान्यतः दृष्टीस पडतात त्यांत जास्वंद, सदाफुली, गुलाब आणि झेंडू यांची गणना प्रथम करावी लागेल. शेवंतीही पुष्कळ ठिकाणी लावली जाते. परंतु ती फुललेली मात्र क्वचित आढळते. पावसाळ्याच्या आरंभी रोपे आणावीत, मुलांच्या हस्ते ती लावून घ्यावीत, श्रावणात त्यांना तजेला यावा, दिवाळीच्या सुट्टीत ती सुकावीत आणि जी काही तगतील ती पुढील मे महिन्यात नाहीशी व्हावीत, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. पुढल्या जूनमध्ये पुन्हा नवी रोपे आणण्यात येतात. खर्च थोडा असतो, म्हणून त्याची कोणी फारशी खंत करीत नाही. तथापि ज्या मुलाने चार महिने झारीने पाणी घातले त्यास एकही फूल पाहावयास मिळाले नाही, तर श्रमाविषयी त्याच्या मनात कोणती समजूत रुजली असेल, याचा विचार शिक्षकाने अवश्य करावयास हवा.

वस्तुतः शेवंती हे अवघड पीक नाही. पुणे, अहिल्यानगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील शेतकरी ती शेताशेतांतून पिकवितात आणि दसऱ्यापासून मार्गशीर्षातील गुरुवारांपर्यंत हार, वेण्या व गजरे यांसाठी तिच्या पाट्याच्या पाट्या बाजारास जातात. अडचण शेवंतीत नसून तिच्या आणि शाळेच्या वेळापत्रकात आहे. शेतकरी एप्रिल-मे महिन्यांत लावणी करतो. त्या वेळी शाळा बंद होत असते. झाडाला कळ्या धरतात आणि पाऊस मागे हटतो, त्याच सुमारास दिवाळीची सुट्टी लागते. शेतकऱ्याची पद्धत जशीच्या तशी उचलली तर शाळेत ती साधणार नाही. झाडाचा स्वभाव समजून घेऊन शाळेसाठी निराळा क्रम आखला, तर मात्र ती निश्चित साधते.

पोषण आहारासाठी परसबागेत भाजीपाला लावण्याची आवश्यकता असताना फुलांचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न काही बंधुभगिनी विचारतील. भाजीची जागा फुलाने घ्यावी असे कोणीच म्हणणार नाही. चार फूट रुंद व पंधरा फूट लांब असा एक वाफा शेवंतीस पुरतो. त्या मोबदल्यात परिसर अभ्यास, विज्ञान व गणित यांचे जे पाठ प्रत्यक्ष हाताखालून जातात ते पालकाच्या वाफ्यातून मिळणे कठीण आहे.

प्रथम फुलाकडेच पाहू. ज्याला आपण शेवंतीचे एक फूल म्हणतो ते एक फूल नव्हे; तो अनेक लहान फुलांचा एका बैठकीवर भरलेला मेळावा होय. कडेची जी लांबट पाकळी दिसते ती प्रत्येक स्वतंत्र फूल असते. मध्यभागी पिवळ्या बारीक नळ्यांची जी गर्दी असते तीतील प्रत्येक नळी हेही एक फूलच. कडेच्या फुलांत बहुधा केवळ स्त्रीकेसर असतो, मधल्या फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. एकेरी जातीचे फूल उभे चिरून वर्गात फिरविले तर चौथीचा मुलगाही हे डोळ्यांनी ताडून पाहू शकतो. भरगच्च दुहेरी जातीत मधल्या नळ्या कमी झालेल्या किंवा मुळीच नसलेल्या आढळतात. झेंडू आणि सूर्यफूल ही याच कुळातील असल्यामुळे तिन्ही फुले शेजारी ठेवून तुलना करता येते. डास व किडी मारण्यासाठी ज्या फुलांची पूड पूर्वापार वापरली गेली ते पायरेथ्रम हेही शेवंतीचेच भावंड आहे, ही गोष्ट मुलांना मोठी गमतीची वाटते.

शेवंतीचे माहेर चीन देश. तेथील थाओ युआनमिंग (३६५–४२७) या कवीचे नाव या फुलाशी कायमचे जोडले गेले आहे. चीनमधून ती जपानात गेली आणि तेथील सम्राटाच्या राजचिन्हावर सोळा पाकळ्यांची शेवंती विराजमान झाली. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली तिच्या प्रजातीस जे शास्त्रीय नाव दिले त्याचा ग्रीक भाषेतील अर्थ ‘सोनेरी फूल’ असा होतो. आपल्या देशात लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीवर दीर्घकाळ काम करून अनेक नव्या जाती निर्माण केल्या आहेत. इतिहास इतका पुरे. ज्या एका गुणावर शाळेच्या बागेचे सर्व यश अवलंबून आहे त्याकडे आता वळू.

शेवंती कधी फुलावयाचे हे रात्रीच्या लांबीवरून ठरविते. उन्हाळ्यात दिवस मोठा व रात्र लहान असते. त्या काळात ती केवळ पाने व फांद्या वाढवीत राहते. रात्र पुरेशी लांबू लागली म्हणजे शेंड्यांचे काम बदलते आणि पानांऐवजी कळ्या घडू लागतात. वनस्पतींच्या या स्वभावाचा शोध अमेरिकेतील गार्नर व अॅलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी लावून तो १९२० साली प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोर प्रश्न होता तो तंबाखूचा. एका जातीची तंबाखू उन्हाळ्यात वाढे, वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र तिला फुले येत. खत, पाणी, उष्णता यांपैकी एकही कारण लागू पडेना. अखेर त्यांनी झाडे रोज काही वेळ अंधाऱ्या खोलीत ठेवून दिवस कृत्रिम रीतीने लहान केला आणि भर उन्हाळ्यात ती फुलविली. दिवसापेक्षाही अखंड रात्र ही खरी महत्त्वाची, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. लांब रात्रीच्या मध्यभागी थोडा वेळ दिवा लावला तरी शेवंतीसारखे झाड ती रात्र लहानच समजते.

महाराष्ट्रात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही. शेवंतीला तो जाणवतो. भाद्रपद-आश्विनात कळ्या, कार्तिक-मार्गशीर्षात फुले हा जो अनुभव सर्वांना आहे त्याचे कारण हेच. शाळेच्या फाटकावर किंवा पडवीत रात्रभर जळणारा दिवा असेल आणि त्याचा उजेड वाफ्यावर पडत असेल, तर तेथील शेवंती नुसती पानांनी माजते. अशा वेळी शिक्षक खत बदलतात, माती बदलतात, रोपवाटिकेस दोष देतात. प्रथम दिवा पाहावा.

या ठिकाणी एक सूचना करावीशी वाटते. बागेची कामे आपण सणांवरून लक्षात ठेवतो. पोळा, गणेशचतुर्थी, दसरा हे सण तिथीप्रमाणे येतात आणि एका वर्षाहून दुसऱ्या वर्षी ते कित्येक दिवसांनी मागेपुढे होतात. अधिक मासाच्या वर्षी तर फरक फारच पडतो. झाड चंद्राकडे पाहत नाही, सूर्याकडे पाहते. याउलट शेतकऱ्यांची पावसाची नक्षत्रे सूर्याच्या गतीवर बसविलेली असल्यामुळे ती दर वर्षी जवळजवळ त्याच तारखेस लागतात. म्हणून पुढील सर्व कामे नक्षत्रे व इंग्रजी तारखा यांवरून सांगितली आहेत. मृग ७-८ जूनला लागते आणि पूर्वा ३० ऑगस्टच्या सुमारास, मग गणपती कधीही येवोत, हे मुलांकडून दोन-तीन वर्षांच्या दिनदर्शिका समोर ठेवून पडताळून घ्यावे. भूगोलाचा हा उत्तम पाठ होतो.

आता शाळेचा क्रम. शेवंतीची लागवड दोन प्रकारे होते. फुले संपल्यावर झाडाच्या बुंध्याशी जमिनीतून जे नवे कोंब येतात त्यांना काश्या म्हणतात. त्या मुळांसह वेगळ्या करून लावणे हा एक प्रकार. वाढत्या फांदीचा शेंडा कापून त्यास मुळे फोडविणे हा दुसरा. बियांपासून रोपे होतात, पण ती मूळ झाडासारखी निघत नाहीत. त्यामुळे बी धरण्याच्या भानगडीत शाळेने पडू नये. शाळेने काश्या व शेंडे या दोन्ही पद्धतींची सांगड घालावी. काश्यांपासून दहा-बारा मातृझाडे कुंड्यांत सांभाळावीत आणि शाळा उघडताच त्यांचे शेंडे कापून वाफ्यासाठी रोपे करावीत.

पहिल्या वर्षी काश्या जवळच्या शेतकऱ्याकडून मागून आणाव्यात. फुले संपल्यावर तो त्या पुष्कळदा टाकूनही देतो. झिपरी किंवा पिवळी वा पांढरी रेवडी यांसारख्या लहान फुलांच्या जाती शाळेस योग्य. मोठ्या फुलांच्या प्रदर्शनी जातींना कळ्या विरळणे, एकेक फांदी बांधणे, पावसापासून जपणे असा सततचा सेवाभाव लागतो. तीन इयत्ता एका खोलीत शिकविणाऱ्या शिक्षकास तो परवडणार नाही. ज्या गावात जी जात शेतात चांगली येते तीच शाळेत लावावी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निरोगी, बोटभर उंचीच्या काश्या निवडून कुंड्यांत लावाव्यात. मातीच्या कुंड्या उत्तम. त्या नसल्यास तेलाचे जुने डबे चालतील, मात्र त्यांच्या तळाशी तीन-चार भोके पाडलीच पाहिजेत. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. झाडे वीतभर झाली म्हणजे एप्रिलमध्ये त्यांचे शेंडे एकदा खुडावेत, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात आणि जूनमध्ये एकेका झाडापासून सात-आठ शेंडे सहज मिळतात.

मे महिन्याचा प्रश्न येथे उभा राहतो. कुलूप लावलेल्या शाळेत कुंड्या ठेवणे म्हणजे त्यांना मरू देणे होय. शिपाई असेल तर तो पाणी घालील, असे म्हणून भागत नाही. पुष्कळ शाळांत शिपाईच नाही. कुंड्या घरी देणे हा एकच मार्ग आहे आणि तो विचारपूर्वक अनुसरावा. ज्या घरी आडाचे, हातपंपाचे किंवा नळाचे पाणी जवळ आहे आणि ज्या घरचे लोक सुट्टीत परगावी जात नाहीत, अशा घरी कुंडी द्यावी. टंचाईच्या गावात जेथे हंडाभर पाण्यासाठी मुलीला अर्धा कोस चालावे लागते, तेथे तिच्यावर कुंडीचा भार टाकणे हा अन्याय आहे. अशा गावात चार कुंड्यांवर भागवावे आणि त्यांना भांडी धुतलेले, साबण न लागलेले पाणी घालावे. सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा, दररोज एक तांब्या पाणी आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढ्यावर मातृझाड मे महिना काढते. एका कुंडीसाठी दोन घरे नेमावीत. एक घर चुकले तर दुसरे सांभाळते.

जूनच्या मध्यास शाळा उघडते. विदर्भात काही दिवस उशिरा. आर्द्रा व पुनर्वसू ही दोन नक्षत्रे, म्हणजे २१ जूनपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ, शेंडे लावण्यास सर्वांत अनुकूल असतो, कारण हवेतील दमटपणा आपले निम्मे काम करतो. कोवळा पण लवचिक नसलेला, वाकविल्यास कट्कन मोडणारा, दोन ते तीन इंच लांबीचा शेंडा पेऱ्याच्या लगेच खाली धारदार पात्याने कापावा. पाते शिक्षकाच्याच हाती असावे. खालची पाने काढावीत, वर तीन-चार ठेवावीत. धुतलेली वाळू व गाळलेली माती समभाग घेऊन पसरट कुंडीत किंवा खोक्यात शेंडे इंचभर खोल व दोन बोटांच्या अंतरावर खोचावेत. पडवीत, पावसाचे थेंब थेट न लागतील अशा उजेडाच्या जागी खोके ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. उतावळ्या मुलांना दररोज शेंडा उपटून पाहण्याची इच्छा होते. त्यासाठी चार-पाच शेंडे मुद्दाम वेगळ्या डब्यात लावून ‘हे पाहण्यासाठी’ असे सांगून टाकावे, म्हणजे बाकीचे वाचतात.

वाफ्याची जागा किमान पाच-सहा तास ऊन मिळणारी असावी. काळ्या भारी जमिनीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात आणि उभे झाड एका रात्रीत माना टाकते. त्यासाठी वाफा सहा ते नऊ इंच उंच करावा आणि पाणी वाहून जाण्यास कडेने चर ठेवावा. निचरा साधला की शेवंतीचे निम्मे रोग टळतात. वर सांगितलेल्या आकाराच्या वाफ्यास चांगले कुजलेले शेणखत एक ते दोन घमेली पुरे. दीड फुटाच्या ओळी आणि ओळीत एक फूट अंतर ठेवले म्हणजे दहा ओळींत प्रत्येकी चार, अशी चाळीस रोपे बसतात. हा हिशेब मुलांनीच सुतळी व खुंट्या घेऊन जमिनीवर मांडावा. लावणी पुष्याच्या अखेरीस किंवा आश्लेषात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आत, सायंकाळी करावी.

रोपे रुजून वीतभर झाली की मघा नक्षत्रात, ऑगस्टच्या उत्तरार्धात, प्रत्येकाचा शेंडा दोन बोटांच्या चिमटीने खुडावा. मुलांना हे क्रूरपणाचे वाटते आणि पालकही क्वचित तक्रार घेऊन येतात. परंतु खुडलेल्या झाडास तीन-चार फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीवर फुलांचा झुबका येतो. न खुडलेले झाड काठीसारखे उंच जाऊन वाऱ्याने आडवे होते. पटत नसेल तर दोन झाडे न खुडता ठेवून नोव्हेंबरमध्ये फुले मोजावीत. पूर्वा नक्षत्र लागल्यावर मात्र खुडणी पूर्णपणे बंद करावी. त्यानंतर जो शेंडा खुडाल त्यात कळीच असण्याचा संभव आहे.

पुढे काम थोडे असते. पंधरवड्यातून एकदा खुरपणी, बुंध्यास मातीची भर, झाड फूटभर झाल्यावर कामठीचा आधार. शेणाचे पाणी चहाच्या रंगाइतके पातळ करून दोन वेळा द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर ते थांबवावे, अन्यथा पाने वाढतात व फुले मागे पडतात. खालच्या पानांवर काळसर तपकिरी ठिपके दिसल्यास ती पाने तोडून जाळावीत आणि पाणी झाडाच्या माथ्यावर न घालता बुंध्याशी घालावे. कोवळ्या शेंड्यांवर व कळ्यांवर मावा हमखास येतो. प्रथम पाण्याच्या झोताने तो धुऊन काढावा. न हटल्यास अर्धा किलो निंबोळ्यांची पूड रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्यातून पिळून, एकूण दहा लिटर पाणी करून व त्यात किंचित साबण मिसळून फवारावे. त्यासाठी जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून वाळवून ठेवाव्यात. शेतीसाठी मिळणारी विषारी औषधे शाळेच्या आवारात आणूच नयेत, मग मावा कितीही असो. चाळीस झाडे गेली तरी चालतील.

दिवाळीच्या सुट्टीसाठी वाफ्यावर गवताचे किंवा उसाच्या पाचटाचे दोन इंच जाडीचे आच्छादन पसरावे आणि सुट्टीपूर्वी भरपूर पाणी द्यावे. मग दर तीन-चार दिवसांनी पाणी दिले तरी पुरते. पाळीत गावातच राहणारी मुले व मुली दोघेही असावेत. पाणी मुलींनी भरावयाचे आणि खुरपे मुलांनी धरावयाचे, ही विभागणी शाळेने शिकवू नये. बागेचे काम शिक्षा म्हणूनही कधी देऊ नये. गृहपाठ न केलेल्या मुलास पाणी घालावयास पाठविले की पाणी घालणे हा अपमान आहे, हे सर्व वर्गास कळून चुकते.

आता एका गोष्टीकडे शिक्षकांचे लक्ष विशेषत्वाने वेधावयाचे आहे. बीड, अहिल्यानगर आणि लगतच्या भागांतील अनेक गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांकडे निघून जातात. काही मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात; काही आईबापांबरोबर जातात आणि चैत्रात परततात. जुलैत ज्याने शेंडा लावला, ऑगस्टमध्ये खुडला, सप्टेंबरमध्ये कळीची वाट पाहिली, तो नेमका फुलांच्या वेळी गावात नसतो. वर्गातील इतर मुले फुले पाहतात, तो पाहत नाही. असे दर वर्षी होते आणि त्याची नोंद कोणत्याही पत्रकात होत नाही.

येथे गार्नर व अॅलार्ड यांची अंधारी खोली आपल्या उपयोगी पडते. शेंडे कापून झाल्यावरही मातृझाडे कुंड्यांत असतातच. त्यांपैकी चार-सहा भरदार कुंड्या या मुलांच्या नावे वेगळ्या काढाव्यात. त्यांचे शेंडे जूनमध्ये कापल्यामुळे जुलैच्या उत्तरार्धापर्यंत त्यांना नव्या फांद्या फुटलेल्या असतात. साधारण २० जुलैपासून या कुंड्यांना रोज सायंकाळी पाच वाजता अंधारात ठेवावे आणि सकाळी आठ वाजता उजेडात आणावे. अशा रीतीने त्यांना नऊ तासांचा दिवस व पंधरा तासांची रात्र मिळते. बिनखिडकीची खोली किंवा मोठे लाकडी खोके चालेल. तेही नसेल तर कामठ्यांचा सांगाडा करून त्यावर जाड काळ्या कापडाची दुहेरी खोळ घालावी. कापडाच्या आत हात घालून पाहिल्यास स्वतःची बोटे दिसता कामा नयेत, इतका अंधार हवा. हवा खेळण्यासाठी खोळ जमिनीपासून दोन बोटे वर ठेवावी आणि ती बाजू विटांनी अशी झाकावी की उजेड थेट आत न येईल.

यात खाडा चालत नाही. रविवार, स्वातंत्र्यदिन, नागपंचमी, कोणताही दिवस असो, खोळ पाचला घातली गेली पाहिजे. मधल्या रात्री उजेड लागला तर झाड मागे पडते. कळ्या रंग दाखवू लागेपर्यंत, म्हणजे दीड-दोन महिने, हा नेम पाळावा. शाळेजवळ राहणारी तीन मुले आलटून पालटून हे काम करू शकतात आणि त्यांतील एक तरी जाणाऱ्या कुटुंबातील असावे. जातीपरत्वे आठ ते दहा आठवड्यांत फुले येतात. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून त्याच महिन्याच्या अखेरीपर्यंत ती हाती पडावीत. दसरा कधी येतो व गावातील टोळ्या कधी निघतात हे पाहून आरंभाची तारीख आठ-दहा दिवस अलीकडे घ्यावी. हीच कुंडी वाफ्यातील शेवंतीशेजारी ठेवली म्हणजे एकाच जातीची, एकाच मातीतील दोन झाडे, एक फुललेले व एक नुसत्या कळ्यांचे, सर्व वर्गापुढे उभी राहतात. तिसरी कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवल्यास प्रयोग पूर्ण होतो. सहावी-सातवीच्या मुलांनी आठवड्यास एकदा तिन्ही कुंड्यांची उंची, पानांची संख्या व पहिली कळी दिसल्याची तारीख वहीत लिहावी.

वाफ्यातील फुले नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. ती पूर्ण उमलल्यावर सकाळी दंव सुकण्यापूर्वी तोडावीत. पहिली फुले कोणाची, हा प्रश्न शाळाशाळांत उपस्थित होतो. पाहुण्यांच्या स्वागतासाठी एका सकाळी सबंध वाफा ओरबाडून हार करण्याची जी रीत पडली आहे ती सोडून द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. पाहुण्यांना एक फूल पुरते. उरलेल्यांपैकी प्रत्येक मुलाने आपल्या झाडाचे एक फूल घरी न्यावे आणि काही फुले झाडावरच राहू द्यावीत, कारण मधमाश्या व फुलपाखरे तेथे येतात आणि त्यांचे निरीक्षण हाही पाठच आहे. गावात फुलांचा खप असेल तर थोडी विक्री करून मिळालेल्या पैशांचा जमाखर्च मुलांकडून लिहून घेण्यास हरकत नाही.

जानेवारीत फुले वाळली की झाडे जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून छाटावीत, वाफा खुरपून थोडे शेणखत घालावे व पाणी देत राहावे. तीन-चार आठवड्यांत बुंध्याशी काश्या दिसू लागतात. ज्या झाडांना सर्वांत अधिक व निरोगी फुले आली त्यांना फुलांच्या काळातच सुतळीचा तुकडा बांधून खूण करून ठेवावी, म्हणजे काश्या त्यांच्याच घेता येतात. छाटल्यावर सगळी झाडे सारखीच दिसतात. ठिपक्यांचा रोग आलेल्या झाडाची काशी घेऊ नये. वाफ्याची जागा पुढील वर्षी बदलावी आणि जुन्या जागी मेथी किंवा चवळी लावावी. नव्या कुंड्यांवर पत्र्याच्या किंवा लाकडाच्या पट्टीवर मुलांची नावे लिहावीत. बाहेरगावी गेलेल्या मुलांच्या नावांच्या पट्ट्याही याच वेळी कराव्यात. ती मुले चैत्रात परततात तेव्हा त्यांच्या कुंडीचा पहिला शेंडा खुडण्याची वेळ झालेली असते.